बालवाडीला परवाना कुणाचा?

नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागातल्या कॉलन्यांमध्ये दर दोन-तीन गल्ल्यांआड एखादा बंगला भिंतीवर जिराफ-हत्ती रंगवून उभा असतो. प्ले-ग्रुप, नर्सरी, छोटा गट, मोठा गट. प्रवेश घेताना पालक व्हॅनची, कॅमेऱ्यांची, डब्याची चौकशी करतात. ‘मान्यता कुणाची?’ हा प्रश्न सहसा निघत नाही. निघालाच तर शॉप अ‍ॅक्टचं प्रमाणपत्र, ट्रस्टची नोंदणी, नाहीतर एखाद्या ब्रँडच्या फ्रँचायझीचा करार पुढे केला जातो. यातला एकही कागद मुलांची खोली बघून दिलेला नसतो. राज्यात बालशिक्षणाची परंपरा शंभर वर्षांची असूनही ही स्थिती का आली, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

ही परंपरा सरकारी नियमांतून आलेलीच नाही. गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं, पुढे ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 1945 साली ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा तिथला मार्ग. काम चांगलं की वाईट हे ठरायचं बाईंच्या प्रशिक्षणावर आणि हाताशी असलेल्या साहित्यावर. इमारतच नव्हती, त्यामुळे चौरस फुटांचा हिशेब मांडण्याचा प्रश्नच नव्हता.

तपासणी आली ती 2 ऑक्टोबर 1975 नंतर. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना त्या दिवशी देशात 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने पसरली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर पोचायला तिला पुष्कळ वेळ लागला. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात प्रत्येक वस्तीला अंगणवाडी द्या असं बजावलं. तरी काम रेंगाळलं, म्हणून 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात आणखी पुढची पायरी घातली: सहा वर्षांखालची 40 मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची.

अंगणवाडीची तपासणी ही बघण्यासारखी गोष्ट आहे. पर्यवेक्षिका आल्या की आधी रजिस्टरं निघतात: हजेरी, आहारवाटप, लसीकरण, गरोदर मातांची नोंद. मग वजनकाटा. पूर्वी तो आढ्याला टांगलेला असायचा आणि रडणाऱ्या पोराला त्याच्या झोळीत बसवताना ताई आणि मदतनीस दोघींची तारांबळ उडायची. वजनाचा ठिपका वाढीच्या तक्त्यावर पडला की मूल कुठल्या श्रेणीत ते ठरायचं. ‘ग्रेड तीन-चार’, म्हणजे सर्वांत कुपोषित, हे शब्द आदिवासी तालुक्यांत घरोघरी माहीत होते. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आले आणि त्यांची जागा ‘सॅम’ (अतितीव्र कुपोषण) आणि ‘मॅम’ने (मध्यम तीव्र कुपोषण) घेतली. दंडाचा घेर मोजायची रंगीत फीत आली. 2021 पासून सगळं पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर भरायचं ठरलं. त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी बिघडलेले सरकारी मोबाइल परत करून टाकले, तेही या तपासणीच्या इतिहासाचंच पान आहे.

या सगळ्यात मुलाचं वजन आणि खिचडी बारकाईने तपासली जाते. त्याच्याशी कोण काय बोललं, त्याने काय हाताळलं, काय खेळलं, याला फारच थोडी जागा. पुढे अंगणवाड्यांसाठीच्या ‘आकार’ अभ्यासक्रमाने ही बाजू आणली, पण पर्यवेक्षिकेचा हात आधी रजिस्टरकडेच जातो. तिला दोष देण्यात अर्थ नाही. वरून विचारलं जातं तेच.

कामगार वस्त्यांची गोष्ट वेगळी. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची अट होती. ती आधी पन्नासपेक्षा जास्त आणि 1976 च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना लागू झाली. सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यांना ती विचारता यायची. सिन्नरच्या घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईला नाही, कारण तिचं घर कुठल्याच मालकाचा कारखाना नव्हतं. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं, पण तीही आस्थापनेकडेच बोट दाखवत होती.

खासगी बालवाड्यांकडे सरकारचं लक्ष गेलं ते प्रवेशाच्या रांगांमुळे. अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती होऊ लागल्या. 1993 साली, शाळकरी मुलांवरचं ओझं कमी करण्यासाठी केंद्राने नेमलेल्या यशपाल समितीने स्पष्ट लिहिलं, की मुलाखती आणि चाचण्या बंद करा, आणि पूर्वप्राथमिक संस्थांच्या जागा, कर्मचारी, साहित्य यांचे निकष ठरवून मगच त्यांना मान्यता द्या. महाराष्ट्रात राम जोशी समिती नेमली गेली आणि 1996 मध्ये कायदा झाला. त्याचं नाव वाचलं तरी कळतं की तो प्रवेशाचं नियमन करणारा होता. यशपाल समितीची अर्धी शिफारस, मुलाखतींची, कायद्यात आली. उरलेली अर्धी, खोलीची आणि बाईंची, बाहेर राहिली.

2009 चा शिक्षणहक्क कायदा हे भरून काढू शकला असता. पण तो सहा ते चौदा वर्षांसाठी. शाळांचे निकष त्याच्या परिशिष्टात व्यवस्थित दिले आहेत, आणि तीन ते सहासाठी कलम 11 एवढंच सांगतं, की सरकार आवश्यक ती व्यवस्था करू शकेल. ‘करू शकेल’ म्हणजे करायलाच हवी असं नाही. नाशिकमधल्या बंगल्यांतल्या नर्सऱ्या बहरल्या त्या याच फटीत, असं मला वाटतं.

मोजमाप पहिल्यांदा नेमकं आलं ते 2013 च्या राष्ट्रीय बालसंगोपन व बालशिक्षण धोरणात. 30 मुलांसाठी निदान 35 चौरस मीटरची वर्गखोली, बाहेर निदान 30 चौरस मीटर मोकळी जागा, तीन ते सहा वयाच्या 20 मुलांमागे एक प्रौढ, त्याहून लहान असतील तर 10 मागे एक. 35 चौरस मीटर म्हणजे सुमारे 377 चौरस फूट. सिडकोतल्या एखाद्या रो-हाउसचा बारा बाय पंधराचा हॉल 180 चौरस फूट भरतो. या मापाने त्यात 14 मुलं बसतात. पंचवीस खुर्च्या मांडलेला असा हॉल बघितला की धोरण आणि गल्ली यांच्यातलं अंतर वेगळं सांगावं लागत नाही. 2017 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: मान्यता घ्या, तीन वर्षांखालचं मूल घेऊ नका, संरक्षक भिंत हवी, कॅमेरे हवेत, मारहाण नको. मात्र सूचनांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली.

त्यामुळे बालवाडीपर्यंत पोचले ते इतरांसाठी केलेले कायदे. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेतल्या आगीत 94 मुलं गेली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधल्या अग्निसुरक्षेबद्दल देशभरासाठी आदेश दिले. राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यायचा असतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्यावर 21 ऑगस्टच्या शासन निर्णयाने शाळांना महिन्याभरात कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांची सक्ती केली. पण निर्णयाचा रोख शाळांवर. स्वतःला शाळा न म्हणवणाऱ्या बंगल्याचं काय, हा प्रश्न तेव्हाही शिल्लक राहिला.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरल्यावर शिक्षण खात्याला नर्सरीकडे पाठ फिरवणं अवघड झालं. 2025 मध्ये, मालेगावचे दादाजी भुसे शालेय शिक्षणमंत्री असताना, खात्याने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितली. केंद्राचं नाव, व्यवस्थापन, पटसंख्या, भौतिक सुविधा, कर्मचारी अशी माहिती त्यात भरायची. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे आणि ती तपासणी तर नव्हेच. भरलेली माहिती खरी आहे का हे बघायला कुणीतरी टेप घेऊन त्या हॉलमध्ये जावं लागेल. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका महिला व बालविकास खात्याच्या, शाळांचे केंद्रप्रमुख शिक्षण खात्याचे, आणि टेप कुणाच्या हातात द्यायची हे नोंदणीच्या फॉर्मवर लिहिलेलं नाही.