दोन फिट्समधले दिवस

अपस्मार म्हटलं की डोळ्यांसमोर फिटच येते. झटके देणारे हातपाय, तोंडातून येणारा फेस, भोवती गांगरलेली माणसं. पण ही अवस्था बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपोआप संपते. वर्षाला चार फिट्स येणाऱ्या माणसाच्या सगळ्या फिट्सची बेरीज केली तरी पाव तास भरत नाही. उपचार मात्र उरलेलं अख्खं वर्ष चालू असतो, आणि त्याची परीक्षा होते ती काहीच घडत नसतं त्या दिवसांत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. हे 'नीट' म्हणजे नेमकं काय, ते कळायला औषध मेंदूत काय करतं हे आधी पाहावं लागतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या छोट्या स्पंदनांनी बोलतात. पेशीच्या आवरणात सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की स्पंदन उठतं, मग दारं क्षणभर बंद होऊन पुन्हा तयार होतात. फिटच्या वेळी असंख्य पेशी एकाच तालात, अतिशय वेगाने स्पंदू लागतात. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही औषधं नेमकी या बंद झालेल्या दारांना धरून ठेवतात आणि त्यांची पुन्हा तयार होण्याची वेळ लांबवतात. बोलणं, चालणं, विचार करणं यांसाठी पेशींची गती एवढी नसते, म्हणून रोजच्या कामकाजाला त्याचा फारसा अडथळा होत नाही. वेड्यासारखी धावत सुटलेली पेशी तेवढी अडते. मला ही औषधशास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. फेनोबार्बिटलसारखी औषधं वेगळ्या वाटेने जातात, ती मेंदूतल्या 'गाबा' या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात.

यांतलं कुठलंच औषध फिट येण्याची मूळ प्रवृत्ती काढून टाकत नाही. ते रक्तात पुरेसं आहे तोवर पहारा देतं, इतकंच. आणि रक्तातली पातळी गळक्या टाकीसारखी असते: यकृत आणि मूत्रपिंडं ती सतत खाली आणत असतात, गोळी ती वर नेते. लेव्हेटिरॅसिटाम या अपस्मारावरच्या आणखी एका औषधाची पातळी निरोगी प्रौढ माणसात ६ ते ८ तासांत निम्मी होते, म्हणून साधी गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. फेनोबार्बिटलला निम्मं व्हायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे एखादी गोळी थोडी उशिरा घेतली तरी ते सांभाळून घेतं. फेनिटॉइनचा स्वभाव आणखी वेगळा. ते पचवणारी यकृताची यंत्रणा एका मर्यादेनंतर पूर्ण व्यापली जाते, मग मात्रा जरा वाढवली की रक्तातली पातळी भसकन वर जाते. चालताना तोल जाणं, डोळे थरथरणं, जीभ जड होणं ही त्याची लक्षणं. 'अर्धी गोळी जास्त घेऊन बघतो' हा प्रयोग घरी करायचा नाही, तो यासाठी.

गोळी चुकण्यामागे विसराळूपणा असतो असं आपण सहज म्हणतो. त्यामागे एक सापळाही असतो. डोकेदुखीची गोळी घेतली की दुखणं थांबल्याचं जाणवतं, इथे गोळीचं यश जाणवतच नाही. उलट एखाद्या दिवशी गोळी राहिली आणि काही झालं नाही, की मन चुकीचा धडा शिकतं: हिच्याशिवायही चालतं. मग प्रवास, जागरण, ताप किंवा आदल्या रात्रीची दारू, यांतलं काहीतरी आणि चुकलेली गोळी एकाच दिवशी येतात. दारूच्या बाबतीत धोका पिताना असतो त्याहून ती उतरताना जास्त असतो, शिवाय त्या रात्रीची झोपही बिघडलेली असते.

टीव्ही आणि मोबाइलची मात्र लोकांना गरजेपेक्षा जास्त धास्ती असते. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येणं हे अपस्मार असलेल्यांपैकी साधारण ३ टक्के लोकांत दिसतं, मुलांत आणि किशोरवयात थोडं अधिक. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टून मालिकेत लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या घटनेने ही भीती जगभर पोचवली. उरलेल्या बहुसंख्यांसाठी पडद्यापेक्षा तो पाहत काढलेली रात्र महागात पडते.

व्यवहारातले उपाय साधेच आहेत. वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी घेतली तर 'सकाळी घेतली की नाही' हा वाद डबी उघडून मिटतो. मोबाइलचा गजर, पिशवीत एक जादा पट्टी, आणि जुनी पट्टी संपायच्या आठवडाभर आधी नवी. गोळी चुकली किंवा घेतल्यावर लगेच उलटी झाली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावं, कारण उत्तर औषधागणिक बदलतं. मनानेच दुप्पट गोळी घेऊ नये. दुकानातून आलेल्या गोळीचा रंग किंवा कंपनी बदललेली दिसली तर विचारावं. गोळ्या अचानक थांबवणं सर्वांत वाईट, त्यातून एकामागून एक फिट्सची मालिका सुरू होऊ शकते.

फिट्सची नोंदवही ठेवा असं सगळेच डॉक्टर सांगतात, पण तिच्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. रुग्णालयात व्हिडिओ आणि ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) लावून पाहिलं तेव्हा रुग्णांच्या नोंदीतून अर्ध्याहून अधिक फिट्स निसटल्याचं दिसलं, झोपेतल्या तर बहुतेक. बेभान झालेल्या माणसाला आपण बेभान होतो हे आठवणार कसं? म्हणून घरच्यांनी काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. काही सेकंद शून्यात बघत राहणं, ओठांचा चाळा, हाताला बसणारे बारीक हिसके हेही त्यात यायला हवेत.

दुसरी औषधं सुरू करताना या गोळ्यांचा उल्लेख दरवेळी करावा लागतो. कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन औषधं मोडणारी यकृतातली विकरं (एन्झाइम्स) वाढवतात आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात. लॅमोट्रिजिनचं उलट: इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी त्याचीच पातळी खाली येते. व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्याच दुसऱ्या औषधाबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. गरोदरपणी ते घेतल्यास बाळात जन्मजात व्यंगाची शक्यता सुमारे १० टक्के असते आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. म्हणून मूल हवं असेल तर औषधबदलाची चर्चा गर्भ राहण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवी. गर्भ राहिल्याचं कळल्यावर घाबरून गोळ्या बंद करणं आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं आहे.

दुष्परिणाम सांगायला लोक कचरतात. लेव्हेटिरॅसिटाम घेणारी काही माणसं चिडचिडी होतात, आणि घरात तो 'स्वभाव' समजला जातो. मूड ढासळणं, झोप न लागणं, विचार मंदावणं हे सगळं डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, औषध बदलता येतं. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामॅझेपिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आलं तर मात्र त्याच दिवशी कळवावं.

सोबतच्या माणसांनी काय करायचं ते थोडक्यात: घड्याळ पाहा, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर रुग्णवाहिका बोलवा.

नेमाने गोळ्या घेऊनही फिट्स थांबत नाहीत, असेही लोक आहेत. योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं अपयशी ठरली की तिसऱ्याने यश येण्याची शक्यता बरीच घसरते. तिथे अपस्माराच्या विशेष केंद्राकडे जाण्याची वेळ आलेली असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टेम्पोरल लोबमधून (मेंदूच्या कानाजवळच्या भागातून) सुरू होणाऱ्या फिट्ससाठी शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षअखेर बेशुद्ध करणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते, फक्त औषधांवर ८ टक्के. तरीही रुग्ण या केंद्रांपर्यंत पोचतात ते अनेक वर्षांनी, औषधांच्या याद्या लांबत गेल्यावर.

आणि ज्यांच्या फिट्स थांबल्या आहेत, त्यांचा प्रश्न ठरलेला: गोळ्या कधी सुटणार? किमान दोन वर्षं फिट न आलेल्या १०१३ लोकांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या दोन वर्षांत हळूहळू गोळ्या सोडणाऱ्यांपैकी ५९ टक्के फिटमुक्त राहिले, चालू ठेवणाऱ्यांपैकी ७८ टक्के. गोळ्या न सोडताही काहींना फिट आलीच, सोडूनही निम्म्याहून अधिकांना आली नाही. एखाद्याला दुष्परिणामांतून सुटका मोलाची वाटेल, तर ज्याची नोकरीच गाडी चालवण्यावर अवलंबून आहे त्याला एक फिटही परवडणार नाही. सोडायचं ठरलंच तर मात्रा कित्येक महिन्यांत उतरवत आणतात. त्या काळात, आणि शेवटच्या गोळीनंतरही काही महिने, गाडी न चालवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो.