अतिदक्षता विभागाबाहेरचा प्रश्न : पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर जेव्हा "व्हेंटिलेटर लावायचा का?" असे विचारतात, तेव्हा या प्रश्नामागच्या इतिहासाचा विचार करण्याइतकी उसंत कुणालाच नसते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरीला टेकले आहे. पटकी आणि प्लेग माणसाला निवडीसाठी वेळच देत नसत. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग तो देतात.

जगणे कुठवर लांबवावे, हा विचार मात्र या मुलखाला नवा नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या परिसरातील भोज गावचे जैन मुनी आचार्य शांतिसागर यांनी, दृष्टी अधू झाल्याने जीवजंतू दिसेनासे होऊन अहिंसाव्रत पाळणे अशक्य होईल म्हणून, 1955 मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचे व्रत, घेतली. विनोबांनी 1982 मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारले. हे व्रतस्थांचे निर्णय होते आणि सामान्य रुग्णाला त्यांच्या मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. पण दोघांनीही ते स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना घेतले.

अरुणा शानबाग यांना ती संधी मिळाली नाही. 1973 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या हल्ल्यानंतर ही परिचारिका 2015 पर्यंत तिथेच, भान हरपलेल्या अवस्थेत, खाटेवर होती, आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला पोटच्या पोरीसारखे सांभाळले. तिचे पोषण थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये फेटाळली, मात्र त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली.

उपचार थांबले तरी सेवा थांबत नाही, ही समज देणारे देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, 1986 मध्ये मुंबईत सुरू झाले होते. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनवरचे कायद्याचे जाचक निर्बंध सैल व्हायला मात्र 2014 साल उजाडावे लागले, आणि तोवर किती रुग्णांनी नाहक कळा सोसल्या असतील याचा विचार अस्वस्थ करतो.

9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्कात अंतर्भूत मानून उपचारांविषयीच्या इच्छापत्राला, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे शुद्धीवर असतानाच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. तथापि त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही सक्तीची असल्याने सामान्य माणूस त्या वाटेला जाईना. 2023 पासून दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येते, आणि आपली वाचा बंद झाल्यावर आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावेही त्यात लिहून ठेवता येतात.