जठरातल्या आम्लामागचं पोटॅशियम

वोनोप्राझान हे आम्लपित्तावरचं नवं औषध आता आपल्याकडेही मिळू लागलं आहे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या ओळखीच्या गोळ्यांसारखं तेही जठरातल्या आम्लाच्या पंपालाच रोखतं, पण रोखण्याची तऱ्हा वेगळी. पंपावर पोटॅशियम बसायची जी जागा असते, तीच ते अडवून धरतं. आम्लाच्या व्यवहारात पोटॅशियमचं काय काम, याचा इतिहास बराच वळणावळणाचा आहे आणि त्यातलं महत्त्वाचं वळण हृदयरोगाच्या गावातून जातं.

जठररसातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, हे लंडनच्या विल्यम प्राऊट यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढची दीडशे वर्षं अभ्यासाचा बराचसा भर, पेशींना आम्ल सोडायचा हुकूम कोण देतं, यावर राहिला. त्यातून असा हुकूम देणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक कळलं, हिस्टामिन कळलं. हिस्टामिनचा हुकूम मध्येच अडवणारं सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं. हुकूम मिळाल्यावर पेशी नेमकं काय करते, हा प्रश्न त्याहून अवघड होता. कारण पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या बाजूला हायड्रोजन आयन दहा लाखपटींहूनही दाट असतात आणि तरीही पेशी ते बाहेर ढकलतच राहते.

१९७३ मध्ये गॅन्सर आणि फोर्ट यांना बुलफ्रॉग या बेडकाच्या जठरपेशींत एक एन्झाइम सापडलं. पोटॅशियम मिळालं की ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, झपाट्यानं फोडायचं. पुढे जॉर्ज सॅक्स आणि इतरांनी डुकराच्या जठरपेशींतल्या पटलांच्या (पेशीच्या पातळ आवरणांच्या) सूक्ष्म पिशव्यांवर काम करून दाखवलं, की हाच तो पंप. तो हायड्रोजन बाहेर टाकतो आणि बदल्यात बाहेरचं पोटॅशियम आत घेतो. पूर्वी मुंबईत दूध केंद्रावर रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे, तसाच हा रोकडा व्यवहार: बाहेर पोटॅशियम नसेल, तर पंप जागचा हलत नाही.

मग बाहेर पोटॅशियम येतं कुठून? जेवणातून म्हणावं, तर रिकाम्या पोटीही हिस्टामिन टोचलं की आम्ल सुटतं. म्हणजे पेशीच ते पुरवत असणार. १९८१ मध्ये वोलोसिन आणि फोर्ट यांच्या प्रयोगांतून धागा हाती लागला. आराम करणाऱ्या पेशीत पंप आतल्या नळ्या-पिशव्यांत पडून असतात आणि त्यांच्या पटलातून पोटॅशियम फारसं पलीकडे जात नाही. पेशी कामाला लागली, की हे पंप बाहेरच्या पटलात येतात आणि तिथे पोटॅशियम, क्लोराइड दोन्हींना वाट मोकळी असते. दोघं बाहेर पडतात, पोटॅशियम पंपातून परत आत येतं, क्लोराइड बाहेरच राहतं. तेच पोटॅशियम पुन्हापुन्हा फिरत राहतं.

पोटॅशियमची ही वाट म्हणजे कुठलं चॅनल, म्हणजे पटलातलं प्रथिनाचं कुठलं दार, हे मात्र वीस वर्षं अधांतरीच राहिलं. दावेदार अनेक होते. उत्तर आलं ते जठराच्या अभ्यासकांच्या अंगणाबाहेरून. १९५७ मध्ये नॉर्वेच्या जेर्वेल आणि लांग-नील्सन (हे दुसरे डॉक्टर जॅझही वाजवत) यांनी जन्मतः बहिऱ्या, मधूनच बेशुद्ध पडणाऱ्या आणि अचानक दगावणाऱ्या भावंडांची नोंद केली होती. हृदयाचे ठोके बिघडवणाऱ्या या विकाराशी जोडलेलं केसीएनक्यू-१ हे पोटॅशियम चॅनलचं जनुक १९९६ मध्ये हाती आलं. २००० मध्ये संशोधकांनी उंदरांतलं हे जनुक निकामी केलं. उंदीर बहिरे झाले, हे अपेक्षितच होतं. पण त्यांच्या जठराचं अस्तरही बेसुमार वाढलेलं निघालं. दुसऱ्याच वर्षी ग्राहामर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे चॅनल औषधानं बंद केलं की आम्लस्राव थांबतो.

एक गाठ उरली होती. हृदयातलं हे चॅनल पटलावरचा विद्युतदाब बदलला की उघडतं. जठराच्या पेशीत तशी उसळी येतच नाही. इथे केसीएनई-२ हे छोटं प्रथिन कामी येतं. ते सोबत असलं की चॅनल सतत उघडं राहतं आणि बाहेरच्या तीव्र आम्लालाही दबत नाही. हृदयात आणि कानात याच चॅनलचा जोडीदार वेगळा असतो, केसीएनई-१. २००६ मध्ये केसीएनई-२ नसलेल्या उंदरांच्या जठरात आम्ल जवळजवळ बनतच नसल्याचं दिसलं. पुढे जेर्वेल-लांग-नील्सन विकाराच्या रुग्णांमध्येही वाढलेलं गॅस्ट्रिन आणि लोहाच्या कमतरतेमुळे होणारा पंडुरोग आढळला. आम्ल कमी पडलं की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

आम्ल कमी करण्यासाठी थेट या चॅनलवरच औषध का काढलं नाही, याचं उत्तर त्या नॉर्वेजियन कुटुंबातच आहे: तेच चॅनल हृदयाचा ठोकाही सांभाळतं. म्हणून औषधं पंपावरच थांबली. ओमेप्राझोलच्या जातीच्या गोळ्या चालू पंपाच्या आम्लातच जाग्या होतात, म्हणून डॉक्टर त्या जेवणाआधी घ्यायला सांगतात. वोनोप्राझानला ती अट नाही. जपानमध्ये त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.