लवकर नको, उशिरा झोपवा!

खानापूरच्या माझ्या मामेबहिणीचं पोरगं चार वर्षांचं, रात्री अकराशिवाय डोळा लावत नाही. आजीनं तीनदा मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली (मिरच्या जळल्या, पोरगं जागंच), कुणीतरी मेलाटोनिनच्या गमीज सुचवल्या, ते झोपेचं हार्मोन आहे हो, चॉकलेट नव्हे, डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. शेवटी व्हिडिओ कॉलवर बेंगळूरची सायकॉलॉजिस्ट गाठली. ती म्हणाली, नऊला झोपवायचं बंद करा, पावणेअकराला अंथरुणात न्या. बहिणीनं हे कन्नडमधून मराठीत सांगितल्यावर आजी भडकली, "पैसे घेऊन उलटंच सांगते की ही बाई!"

पण यामागचं गणित भारी आहे. १९८२ साली बोर्बेली या शास्त्रज्ञानं मांडलं की झोप दोन गोष्टींवर चालते. एक झोपेचा दाब. जागेपणी मेंदू काम करतो तसं त्यात अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, आणि झोपलं की ते उतरतं. चहा-कॉफीतलं कॅफीन या अ‍ॅडेनोसिनचीच जागा अडवून बसतं, म्हणून संध्याकाळी पोराला बशीत चहा ओतून देणं बंद करा. दुसरं शरीराचं घड्याळ, आणि गंमत म्हणजे नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोनेक तास ते आपल्याला सगळ्यात जोरात जागं ठेवतं. अकराला झोपणारं पोर नऊला आडवं केलं की नेमकं या टप्प्यात सापडतं, मग पाणी दे, शू आली, गोष्ट सांग, रडारड, आणि अंथरूण म्हणजे भांडणाची जागा हे डोक्यात पक्कं बसतं. म्हणून आधी उशिरा न्यायचं, पडल्या पडल्या झोप लागू द्यायची, सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठवायचं, आणि मग दर दोन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरकायचं.

सायकॉलॉजिस्टना कोर्सात झोपेबद्दल फारसं शिकवत नाहीत, त्यामुळे हे वेगळं शिकावं लागतं. दोन आठवड्यांची झोपेची वही भरून घ्यायची, स्वतःच्या सेशनचं रेकॉर्डिंग सिनियरला दाखवून चुका काढून घ्यायच्या, आणि पोर घोरतं का हे विचारायचंच, कारण टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढले असतील तर समुपदेशनानं काही होत नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडेच पाठवायला लागतं. कॉलवर एक फायदा असा की फोन झोपायच्या खोलीत फिरवायला सांगता येतो. बहिणीकडे तसा फिरवला तर समोर टीव्ही, त्यावर आजीची सिरियल.

आता गाडी पावणेदहावर आली आहे. दुपारी चारला पोराला मांडीवर थोपटणं मात्र आजी सोडत नाही.