शाळूच्या वर्षावर चालणारे सोलापूरचे ताट

ऋतूप्रमाणे खाण्याचा विषय निघाला की बहुतेक जण चरक-वाग्भटांच्या ऋतुचर्येपासून सुरुवात करतात. सोलापूरचे खाणे समजून घ्यायचे तर आधी इथला पाऊस आणि इथली जमीन पाहावी लागते. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा-हस्त नक्षत्रांचा. त्यामुळे खरिपाची खात्री नाही, सगळी भिस्त रब्बीवर. खोल काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, चार महिने उभी राहते. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. घरात कधी काय शिजायचे, हे या एका पिकाने ठरवले.

मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते या रानांमुळेच. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी बहामनी सरकारची कोठारे लोकांसाठी उघडली, ही कथा इथल्या घराघरात सांगितली जाते. इथल्या पिकाला एका वर्षाचे धान्य पुढच्या दोन-तीन वर्षांना पुरवावे लागे, म्हणून साठवणही तशीच पक्की. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद खड्डा. तळाला व कडेला कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर भुसा आणि माती टाकून तोंड बंद करायचे. आतला प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो आणि किडे मरतात. त्याच कर्बवायूने माणूसही गुदमरतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. तोंड दिवसभर मोकळे ठेवतात, मग दिवा सोडून बघतात. दिवा विझला तर अजून थांबायचे. कडेची ज्वारी ओल लागून काळी पडते, तिला उग्र वास येतो. ती जनावरांना जाते.

शाळू हाती येईपर्यंत थंडीचे महिने बाजरी काढते. खरिपाची नवी बाजरी दिवाळीच्या सुमारास घरात येते आणि संक्रांतीपर्यंत चुलीवर तिचीच भाकरी. बाजरी उष्ण, म्हणून हिवाळ्यात खावी, असे सगळेच सांगतात. पण त्यामागे पिठाचेही एक कारण आहे. बाजरीत तेल ज्वारीपेक्षा जास्त असते. दळल्यावर ते लवकर विघटते आणि पीठ कडू होते. थंडीत पीठ आठ-दहा दिवस टिकते, उन्हाळ्यात चार दिवसांतच चव बिघडते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगे, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरे घातलेली मिसळ भाजी होते ती याच दिवसांत. सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वराची यात्राही भरलेली असते.

त्याआधीची येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी या सीमेलगतच्या भागांत शेतातच साजरी होते. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, पाच दगड मांडून पांडवांची पूजा करतात आणि भज्जी, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), आंबील खातात. भज्जीत त्या आठवड्यात रानात जे कोवळे असेल ते सगळे पडते: तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, पातीचा कांदा, शेंगदाणे, वर चिंचेचे पाणी आणि बेसन. दाणे आधी शिजवावेत. चिंच आधी घातली तर दाणे टणक राहतात, मग कितीही उकळा.

याच दिवसांत हरभऱ्याचे शेंडे खुडतात. फुलोऱ्याआधी खुडले तर झाड जास्त फुटते आणि भाजीही मिळते. पाल्यावरची आंब, म्हणजे आंबट दव, हीच तिची चव, म्हणून वाळवायची भाजी धूत नाहीत. झटकून, सावलीत वाळवून ठेवली की उन्हाळ्यात बेसन लावून आमटीसारखी करता येते. ज्वारीच्या कडेने लावलेल्या करडईचा पाला मात्र काटे धरायच्या आतच खावा लागतो. ते काटे पुढे जनावरांपासून पिकाची राखण करतात.

फाल्गुनात नवा शाळू घरात आला की भाकरी बदलते. ताज्या पिठाला विरी असते, पीठ हाताला चिकटत फिरते आणि थापलेली भाकरी कडेला फाटत नाही. पीठ जुने झाले की विरी जाते. मग दोन वाट्या पिठाला साधारण एक ते सव्वा वाटी उकळते पाणी घालून उन्हवणी करतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि भाकरी धरून ठेवतो. पाणी कोमट असेल तर काही उपयोग नाही.

चैत्र-वैशाखात आंबील. अर्धी वाटी ज्वारीचे पीठ एक वाटी आंबट ताकात गुठळ्या मोडून रात्रभर ठेवायचे. सकाळी चार वाट्या पाणी उकळून मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालायचा आणि भिजवलेले पीठ बारीक धारेने ओतत ढवळायचे. पिठामुळे हे ताक फुटत नाही. दहा मिनिटे शिजू द्यावे. पूर्ण गार झाल्यावर आणखी एक वाटी ताजे ताक मिसळावे. गरम आंबिलीत घातले तर चोथा होतो.

हे चक्र अनेकदा तुटले. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने जिल्हा उजाड केला. 1877 मध्ये शहरात कापड गिरणी सुरू झाली, पुढे आणखी आल्या आणि खेड्यांतली माणसे रोजंदारीवर, बाजाराच्या धान्यावर आली. 1972 च्या दुष्काळात शाळू खाणाऱ्या घरांना परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक आहार, खावी लागली. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. मग कालव्यांच्या बाजूने ऊस पसरला आणि शाळूचे रान आक्रसले. पाणी आल्याचे दुःख कोणी करू नये, पण ज्वारी विकत घ्यायची वेळ शेतकऱ्यावर यावी हे बरे नाही. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर बरेच रान उसाखाली गेले होते.

कडक भाकरी आता बारा महिने पुड्यात मिळते. पुड्यात बसत नाही तो हुरडा. दाण्यात दूध भरून घट्ट होऊ लागते, तेवढ्या आठ-दहा दिवसांतच कणीस आगटीत, म्हणजे निखाऱ्यांच्या खड्ड्यात, घालायचे. आधी घातले तर दाणा चिकटतो आणि कणसातून सुटत नाही, उशीर झाला तर निबर होतो. जमिनीतल्या खड्ड्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवून जाळ बसू द्यावा. जाळावर भाजले तर वरून करपते, आत कच्चे राहते. कणीस तापल्या राखेत आणि निखाऱ्यात पुरून, फिरवत भाजतात. गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे, सुपात पाखडून कूस उडवायचे आणि शेंगाचटणी, गूळ, दह्याबरोबर खायचे. हुरड्यासाठी गूळभेंडी ही ज्वारीची जात लावतात, कारण तिचा दाणा गोड असतो आणि कणसातून सहज सुटतो. पाण्याची सोय असलेले शेतकरी ती पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरतात. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत कुठल्या ना कुठल्या तुकड्यात हुरड्याजोगे कणीस मिळते.