उद्यान आरक्षणाची जागा देऊन टीडीआर घेताना फाइल कुठे अडते

विकास आराखड्यात जमिनीवर उद्यानाचे आरक्षण असेल तर महापालिका ती तीन मार्गांनी घेऊ शकते: ठरवून मोबदला देऊन, एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येते त्याचे प्रमाण) किंवा टीडीआर (दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, नाहीतर भूसंपादन करून. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चे कलम 126 हेच सांगते. मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांत एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली (2020) लागू आहे. तिच्यानुसार दाट वस्तीत जागेच्या तिप्पट आणि बाहेर दुप्पट टीडीआर मिळतो.

ले-आउटमध्ये सक्तीने सोडलेली मोकळी जागा किंवा जिचा मोबदला आधीच घेतला आहे ती जागा यासाठी चालत नाही. तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, झोन दाखला, भाग नकाशा, वकिलाचा शोध अहवाल हे कागद जमतात. अडते ते मोजणीपाशी. बहुतेकांकडे हद्द कायम मोजणीची ‘क’ प्रत असते. तिच्यात अख्खा गट दिसतो, पण आरक्षणाखाली नेमके किती क्षेत्र जाते ते दिसत नाही. सातबाऱ्यावर एक आकडा, नकाशावर दुसरा, जागेवर तिसरा, आणि तिन्ही जुळेपर्यंत फाइल टेबलावरून हलत नाही. म्हणून आधी नगररचना विभागाकडून आरक्षणाची आखणी करून घ्या आणि मग ती रेषा दाखवणारी मोजणी मागा. उलट क्रमाने गेलात तर मोजणीची फी दोनदा भरावी लागते. हे काउंटरवरच सांगायला हवे, पण कोणी सांगत नाही.

जागा बोजामुक्त असावी लागते. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा: फेडून झालेल्या कर्जाचा बोजा किंवा जुन्या कुळाचे नाव तिथे तसेच राहिलेले असते. आजोबांच्या नावावरच जमीन असेल तर वारस नोंद आधी. एका बहिणीची सही राहिली तरी अर्ज परत येतो. जमीन भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी) असेल तर महसूल खात्याकडचे काम आधी उरका.

ताबा देण्यापूर्वी जमीन आजूबाजूच्या पातळीला आणून 1.5 मीटर उंचीचे कुंपण स्वखर्चाने घालायचे असते: खाली 0.60 मीटर वीट किंवा दगडाची भिंत, वर जाळी, आणि फाटक. हे फाटक रस्त्याच्या बाजूलाच ठेवा. तिथे मोकळी रुंदी किमान 900 मिलिमीटर आणि चढ 1:12 पेक्षा सौम्य हवा, नाहीतर व्हीलचेअर आत जाणार नाही आणि पुढे सगळे तोडून पुन्हा बांधावे लागेल. एखाद्या नियमामुळे कुंपण घालता येत नसेल तर टीडीआर दुपटीऐवजी 1.85 पट आणि तिपटीऐवजी 2.85 पट मिळतो.

सातबाऱ्यावर महापालिकेचे नाव लागल्याशिवाय टीडीआरचे प्रमाणपत्र हातात पडत नाही. नुसती ताबा पावती पुरत नाही.

‘दहा वर्षे झाली, आरक्षण गेले’ हा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. कलम 127 खाली अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षे मोजायची, प्रारूप (मसुदा) आराखड्यापासून नाही. त्यानंतर मालकाने नोटीस बजवायची. नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत संपादनाचे पाऊल पडले नाही तरच आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. जुन्या पुस्तकांत 12 महिने लिहिलेले दिसेल, पण 2015 च्या दुरुस्तीने ते बदलले. नोटिशीला मालकीचे कागद जोडा आणि तारखेची पोच घ्या. कागदांशिवाय दिलेली नोटीस या कलमाखाली धरली जात नाही.