कॅथ लॅबमधील संशोधन (कोल्हापूर परिसर)

हृदयाच्या रोहिण्या, झडपा आणि कप्पे यांवर छाती न उघडता उपचार करणाऱ्या वैद्यकशाखेला हस्तक्षेपी हृद्‌रोगशास्त्र म्हणतात. त्यासाठी मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत सरकवतात. क्ष-किरण यंत्र बसवलेल्या ज्या खोलीत हे काम चालते ती कॅथ लॅब. कोल्हापूर-सांगली भागात या तज्ज्ञाची ओळख ‘अँजिओ करणारे डॉक्टर’ अशी असते; ते संशोधनही करतात हे रुग्णाच्या सहसा गावी नसते. वास्तविक या शाखेत उपचार आणि संशोधन एकाच टेबलावर होतात. अरुंद रोहिणीत फुगा फुगवला, स्टेंट (रोहिणी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसला, रक्त वाहू लागले की त्या दिवसाचा उपचार संपतो. संशोधन तिथून सुरू होते, आणि तो रुग्ण सहा महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी कसा आहे हे कळेपर्यंत ते चालू राहते.

पूर्वपीठिका : १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या नीलेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि तशीच चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. १९५६ साली त्याला आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांच्याकडून रंगद्रव्य अनवधानाने थेट उजव्या हृद्‌रोहिणीत गेले. रुग्ण बचावला, आणि त्या प्रसंगातून आजची अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य सोडून रोहिण्यांचे क्ष-किरण चित्र काढण्याची पद्धत, आकाराला आली.

या शाखेतील संशोधकाने अभ्यासावा असा पहिला माणूस मात्र आंद्रेआस ग्रुंटझिग. घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुग्याच्या नळ्या तयार करता करता त्यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे जागृत रुग्णावर पहिली हृद्‌रोहिणी अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने अरुंद रोहिणी रुंद करण्याची प्रक्रिया, केली. १९७९ मध्ये त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३२ जणांत उपचार यशस्वी झाला होता आणि पाच जणांना तातडीने बायपास करावी लागली होती. हे पाच त्यांनी लपवले नाहीत, यश मिळालेल्यांना वाऱ्यावर सोडले नाही, पुन्हा पुन्हा बोलावून तपासले. प्रस्तुत लेखकाच्या मते या शाखेची विश्वासार्हता त्या पन्नास नोंदींवर उभी आहे.

पुढचा सारा इतिहास अशाच पाठपुराव्यातून घडला. फुग्याने उघडलेली रोहिणी साधारण तिघांपैकी एकात काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते, हे परत आलेल्या रुग्णांमुळेच कळले. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले धातूचे स्टेंट बसवले गेले. स्टेंटच्या आतही पेशी वाढतात असे दिसल्यावर औषधाचा लेप असलेले स्टेंट आले. त्या स्टेंटमध्ये वर्षभरानंतरही गुठळी होऊ शकते ही चिंता २००६ च्या सुमारास पुढे आली आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या किती काळ घ्यायच्या हा प्रश्न ऐरणीवर आला. शरीरात विरघळून जाणाऱ्या स्टेंटचे मोठे कौतुक झाले होते. दीर्घ पाठपुराव्यात गुठळ्यांचे प्रमाण जास्त दिसल्यावर त्यांतला सर्वांत गाजलेला ‘अ‍ॅब्सॉर्ब’ २०१७ मध्ये बाजारातून मागे घेतला गेला.

तज्ज्ञाची घडण : एमबीबीएस, तीन वर्षांचे एमडी आणि त्यानंतर तीन वर्षांचे डीएम असा हा लांब रस्ता आहे. संशोधनाशी पहिली गाठ अनेकांची एमडीच्या प्रबंधात पडते. काही विद्यार्थी त्याआधीच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अल्पकालीन विद्यार्थी योजनेतून छोटा प्रकल्प करतात. प्रबंध पुष्कळदा सक्तीचे काम म्हणून उरकला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. नैतिकता समितीची परवानगी, मराठीतले संमतिपत्र, माहितीचा तक्ता आणि नकोसे निष्कर्षही मांडण्याची सवय यांची पायाभरणी तिथेच होते. नंतर परिषदेतले सादरीकरण, एखाद्या विरळ रुग्णाचा वृत्तांत, मग शेकडो रुग्णांची नोंदणी-अभ्यासमाला (उपचार झालेल्यांची पद्धतशीर नोंद) आणि पुढे बहुकेंद्री चाचणीतील, म्हणजे अनेक रुग्णालयांत एकाच पद्धतीने होणाऱ्या उपचाराच्या पारखीतील, सहभाग अशा पायऱ्या येतात. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही १९४८ साली स्थापन झालेली संस्था आणि तिचे ‘इंडियन हार्ट जर्नल’ हे देशातले जुने व्यासपीठ.

कोल्हापूरचे स्थान : शहरात दसरा चौकाजवळचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सर्वांच्या तोंडी ‘सीपीआर’, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. कसबा बावड्याला डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. खाजगी रुग्णालयांतही कॅथ लॅब आहेत. पूर्वी गंभीर हृद्‌रोग्याला पुणे-मुंबईची वाट धरावी लागे. शासनाच्या जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश झाल्यावर आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत सुमारे ३० हजार रुपयांवर आणल्यावर शेतमजुराच्या घरातला रुग्णही टेबलापर्यंत पोहोचू लागला. संशोधनाच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे. मोठ्या चाचण्यांत सहसा न दिसणारा माणूस, म्हणजे तंबाखू मळणारा, मिसरी लावणारा, मधुमेह असूनही कधी तपासणी न केलेला, आता नोंदवहीत येतो.

वेळेचा प्रश्न : झटका आल्यावर बंद रोहिणी जितक्या लवकर उघडेल तितके स्नायू वाचतात. रुग्णालयात पोहोचल्यापासून फुगा फुगेपर्यंत ९० मिनिटांहून अधिक वेळ जाऊ नये, असा मार्गदर्शक संकेत आहे. परंतु दारापर्यंत येण्यातच जो वेळ जातो त्याचे काय? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या भारतीय नोंदणीत ८९ केंद्रांतील २०,४६८ रुग्ण होते. त्यांत त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण त्याआधी पोहोचले, निम्मे त्यानंतर) ३६० मिनिटे निघाला, आणि गरीब रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा जास्त आढळले. सहा तास! गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या वाडीवरून रात्री निघालेल्या कुटुंबाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. आधी ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा-लिंबू, मग गावातले डॉक्टर, मग गाडीची शोधाशोध, आणि त्यानंतर घाटरस्ता.

म्हणून इथे संशोधनाचा सर्वांत उपयुक्त विषय गुंतागुंतीच्या नव्या उपकरणाचा नसून साखळीचा आहे : ग्रामीण रुग्णालयात ईसीजी, तो मोबाईलवर तज्ज्ञाकडे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच, आणि मग ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी. २०१३ च्या ‘स्ट्रीम’ चाचणीने या पद्धतीला बळ दिले. तमिळनाडूत मोठे रुग्णालय आणि भोवतालची छोटी रुग्णालये जोडून केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका वर्षातले मृत्यू कमी झाल्याचे दिसले. तोच प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात वेगळे रूप घेतो. चंदगडच्या रुग्णाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते, त्यामुळे एकाच तालुक्यातील रुग्णांची माहिती दोन राज्यांत विखुरते.

पाठपुराव्यातील अडचणी : स्टेंट बसल्यावर ठरलेला काळ दोन्ही गोळ्या चुकवायच्या नसतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता, शिरोळ तालुक्यातली गावे पाण्यात होती, आणि कित्येकांनी नेसत्या वस्त्रानिशी घर सोडले. अशा वेळी गोळ्यांची पिशवी कुठे राहिली हा वैद्यकीय प्रश्न असतो. ऊसतोड मजूर गाळप हंगामात येतात आणि हंगाम संपला की मराठवाड्यात परततात. त्यांची सहा महिन्यांची तपासणी बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यात असायला हवी. जे परत येत नाहीत त्यांना ‘संपर्क तुटला’ म्हणून वगळले, तर निष्कर्ष हमखास खोटा गोड निघतो, कारण न येणाऱ्यांत बरे झालेले जसे असतात तसे दगावलेलेही असतात.

शंका घेण्याचे धैर्य : या शाखेचा कसोटीचा भाग म्हणजे आपल्याच उपचारावर शंका घेणे. २००७ ची ‘करेज’ आणि २०२० ची ‘इस्किमिया’ या चाचण्यांनी दाखवले की झटका न आलेल्या, स्थिर आजार असलेल्या बहुसंख्य रुग्णांत सुरुवातीलाच स्टेंट बसवल्याने मृत्यू कमी होत नाहीत. छातीतले दुखणे मात्र कमी होऊ शकते. २०१७ च्या ‘ऑर्बिटा’ने पुढची पायरी गाठली : २०० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना खरी अँजिओप्लास्टी, उरलेल्यांना नळी घालूनही स्टेंट न बसवलेली लटकी प्रक्रिया. सहा आठवड्यांनी व्यायामक्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. झटका आलेल्या रुग्णाला हे निष्कर्ष लागू नाहीत, हे ठासून सांगावे लागते. ‘ब्लॉकेज सत्तर टक्के आहे, आजच करून टाका’ असे नातेवाईक म्हणतात तेव्हा थांबायला सांगणारा डॉक्टर अशा संशोधनाच्या आधारावरच उभा असतो.

संमती आणि नोंद : चाचणी सुरू होण्यापूर्वी ती भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीत दाखल व्हावी लागते, २००९ पासून औषध-नियामकाच्या कक्षेतील चाचण्यांना हे बंधनकारक आहे. नैतिकता समितीत कायदा जाणणारी व्यक्ती आणि सामान्य नागरिक असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. संमतिपत्र मराठीत असणे पुरेसे नाही. ‘चिठ्ठी टाकून गट ठरेल’, म्हणजे कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठीवर ठरेल, हे वाक्य रुग्णाला समजले का, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे लागते. आकड्यांच्या बाबतीत कोल्हापूरची सोय चांगली आहे : शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या अभ्यासकाला माहितीचा तक्ता भरून झाल्यावर नव्हे, आखतानाच बोलवावे.

अशा तक्त्यात रोहिणीचे नाव, स्टेंटची लांबी, ईसीजीची वेळ हे रकाने असतातच. या भागातल्या नोंदवहीत आणखी दोन रकाने असायला हवेत : रुग्णाचा फोन लागला नाही तर करायचा शेजाऱ्याचा किंवा दूध संस्थेचा नंबर, आणि गावाच्या नावापुढे वाडीचे नाव.